समुद्र सोडून सगळं

क्रूझचं ठरलं तेव्हा समुद्राचा विषय कोणी काढलाच नव्हता. विषय होता ताई-भावोजींच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा. हॉल घ्यावा तर केटररचे भाव ऐकून भूक मरते, महाबळेश्वरला जावं तर आत्याच्या गुडघ्यांना चढ झेपत नाही, आणि घरी करावं तर भांडी कोण घासणार? या सगळ्यावर भाच्याने एकच उत्तर आणलं. मुंबई-गोवा-मुंबई, जहाजाने.

"मामा, सगळं इनक्लूडेड. नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण, मधला चहा, रात्रीचा शो. आपण फक्त बसायचं."

भावोजी सरकारी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी ते 'इनक्लूडेड' दोनदा वदवून घेतलं, पाकिटाच्या पाठकोऱ्या बाजूवर माणशी खर्चाला जेवणांच्या संख्येने भागलं आणि मान डोलावली. "पण खिडकीवाली खोली नको. खिडकीचे जास्त लावतात. खोलीत काय, झोपायलाच तर जायचं."

अशा रीतीने समुद्र पहिल्याच बैठकीत बजेटातून कापला गेला.

जहाजाच्या नावाने खरी खुलली ती एकटी आत्या. आत्या मालवणची, ऐंशी ओलांडलेली. तिच्या लेखी बोट म्हणजे जुनी कोकणबोट. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटायची आणि जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत दुसऱ्या दिवशी पणजी गाठायची. बऱ्याच बंदरांत ती धक्क्याला लागतच नसे. बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसांनी पडावात उतरायचं. खाली पडाव हिंदकळतोय, आणि वरून ट्रंका, पोरं आणि म्हाताऱ्या एकाच पद्धतीने खाली दिल्या जाताहेत! डेकवर चादर अंथरून जागा धरायची, उशाला वळकटी घ्यायची, आणि शेजाऱ्याला बोट लागायची चिन्हं दिसली की त्याचं तोंड कुठे आहे ते बघून आपली चादर सरकवायची. पावसाळा लागला की बोट बंद. पुढे रस्ते झाले, एस्टी सगळीकडे पोचली, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. तोवर त्या बोटी इतिहासजमा झाल्या होत्या.

"बोटीन जावचा आसा?" आत्या म्हणाली. "मग मी येतंय." तिने तिथल्या तिथे पिशवीत सुपारी, आलेपाक आणि जुनी सतरंजी भरली.

बॅलार्ड पियरला तपासणी अगदी विमानतळासारखी. यंत्रातून भावोजींची विजेची किटली गेली आणि तिथेच राहिली. इस्त्री, किटली, तापणारं काहीही खोलीत चालत नाही. जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते. त्यांना पावती मिळाली, परत येताना किटली घ्यायची. मग ताईची बॅग आली. पडद्यावर गोल गोल आकृत्या दिसल्या.

"काकू, बाहेरचं खाणं नेता येत नाही."

"बाहेरचं कुठे आहे? घरचं आहे."

पोरगा मराठी होता, पण नियम नव्हता. डिंकाचे लाडू टाकून द्यायचे की तिथेच संपवायचे, हा प्रश्न आमच्या घरात प्रश्न म्हणून धरलाच जात नाही. बाजूला उभं राहून आम्ही सगळ्यांनी तो डबा संपवला. तपासणीच्या पोरालाही दोन दिले. परिणाम असा झाला की जहाजावरचं पहिलं जेवण कोणाला गेलं नाही आणि भावोजींचा भागाकार मुंबई सुटण्याआधीच चुकला.

जहाजाच्या दाराशी पाय ठेवताना भावोजी मोठ्याने म्हणाले, "टायटॅनिक ४६ हजार टनांचं होतं. आपलं ४८ हजार!"

"अहो, आत्ता कशाला ते नाव काढताय?"

हे टन वजनाचे नसतात. जहाजाच्या आतली बंदिस्त जागा मोजून हा आकडा काढतात. मी ते समजावून सांगायला गेलो, पण ज्याच्या खांद्यावर तीन बॅगा आहेत त्याला कोणी ऐकत नाही. २०२४ च्या जानेवारीत पहिल्या सफरीला निघालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' आपल्यापेक्षा पाचपट मोठं आहे, हे तर मी बोललोच नाही. भावोजींचा आनंद कशाला घालवा?

सुटण्याआधी धोक्याची तालीम झाली. सात छोटे भोंगे आणि एक लांबलचक, की सगळ्यांनी नेमून दिलेल्या जागी जमायचं. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच लोकांची तालीम व्हायची होती. त्यानंतर ती सुटण्याआधी किंवा सुटता सुटताच घेण्याचा नियम झाला. आमच्या टोळीत भाचा सेल्फी काढत होता, बायको माझ्या शर्टाची कॉलर नीट करत होती, आणि भावोजी विचारत होते की तालमीमुळे चहाची वेळ पुढे जाणार का. लक्ष देऊन ऐकत होती ती फक्त आत्या. १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्याकडच्या तिच्या पिढीला ती तारीख सांगावी लागत नाही. तिने जॅकेटचे बंद कसे बांधायचे ते दोनदा करून दाखवायला लावलं, शिट्टी वाजवून बघितली, आणि मग विचारलं, "तांडेल खंय आसा?" तांडेल, म्हणजे कप्तान, परदेशी होता आणि वरच्या मजल्यावर होता. आत्याला ते पटलं नाही. ज्याच्या हाती आपला जीव, त्याचं तोंड बघायला नको?

खोली खालच्या मजल्यावर, जहाजाच्या पोटात. दोन पलंग, त्यांच्यामध्ये एका माणसाला तिरकं होऊन जाण्याइतकी वाट, आणि भिंतीवर छान झिरमिळ्यांचा पडदा. ताईने हौसेने पडदा बाजूला सारला, तर समोर ताईच. मागे खिडकी नव्हतीच. आरसा होता. खोली कोंदट वाटू नये म्हणून ही युक्ती. बाहेरचा उजेड आत येत नसल्याने पहाट कधी झाली तेही कळायचं नाही. भावोजी पहिल्या रात्री जागे झाले, अंघोळ उरकली, इस्त्रीचा शर्ट चढवला, नाश्त्याला वर गेले, आणि मध्यरात्रीच्या पार्टीत नाचणाऱ्यांमध्ये जाऊन उभे राहिले. परत आले ते हातात पिझ्झा घेऊन. "सुरू होता," म्हणाले. "का सोडा?"

संडासाबद्दल चार शब्द लिहायलाच हवेत. जहाजावर पाणी वाचवायचं म्हणून फ्लश हवेच्या ओढीवर चालतो. बटण दाबलं की क्षणभर शांतता, आणि मग असा काही घुर्रकन आवाज येतो की माणूस आधी मागे सरकतो आणि मग सगळं जागच्या जागी आहे ना हे चाचपतो. आत्या झाकण लावून, दार उघडून, एक पाय बाहेर ठेवूनच बटण दाबायची. ताईची चार वर्षांची नात मात्र त्या बटणावर फिदा होती. तिला विचारलं, गोव्याची बोट कशी वाटली, तर ती अजूनही तोच आवाज काढून दाखवते.

खरा प्रवास दहाव्या मजल्यावर, बुफेत झाला. भावोजींनी आदल्या रात्रीच धोरण आखलं होतं. पोळी-भात घरी असतोच, त्याला हात लावायचा नाही. सूप हे पाणी, सॅलड हा पाला. थेट कोळंबीकडे जायचं. जैन काउंटरवर वेगळी गर्दी, लाइव्ह डोशापाशी वेगळी. बुफेला तिन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत काचा होत्या आणि काचांपलीकडे अख्खा अरबी समुद्र ऊन खात पडला होता. पण गोडाचं टेबल आतल्या बाजूला असल्याने तिकडे तोंड करून बसायला सगळ्यांची धडपड, आणि काचेकडे शेकडो पाठी. मीसुद्धा तसाच बसलो होतो. पुडिंग संपत आलं होतं, लक्ष ठेवायला लागतं.

किनारा लांबला तशी फोनची रेंज गेली. वाय-फायचे वेगळे पैसे पडतात म्हटल्यावर भावोजींनी तो ठराव फेटाळला. आता ११ मजल्यांच्या जहाजावर, मोबाइलशिवाय, आमच्या घरच्या माणसांनी एकमेकांना कसं शोधायचं? "लिफ्टजवळ भेटू" ठरलं, तर लिफ्टा पुढेही आणि मागेही. "पुढच्या लिफ्टजवळ" ठरलं, तर पुढचं कोणतं यावरून नवरा-बायकोत दोन पक्ष. शेवटी खोल्यांच्या दारावर चिठ्ठ्या चिकटवायची पद्धत पडली. 'आम्ही दहाव्यावर आहोत. ताई.' त्याखाली भावोजींच्या अक्षरात, 'मी दहाव्यावर तुला शोधून खाली आलो. परत वर जातो.' त्याखाली ताईच्याच अक्षरात, 'थांबा तिथेच.' भावोजी जहाजावर आहेत आणि पाण्यात गेलेले नाहीत, एवढीच खात्री पत्रव्यवहारातून होत होती.

कॅसिनो किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर ओलांडल्यावर उघडला. भावोजी तिथे खेळले नाहीत, पण एका परक्या गृहस्थाच्या मागे तासभर उभे राहून त्याचं नुकसान मोजत होते.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागलं. खाली उतरावं असं भाच्याचं म्हणणं. भावोजींनी घड्याळ बघितलं. जहाजावरच्या जेवणाचे पैसे भरलेले असताना गोव्यात उतरून पदरचे पैसे खर्चून जेवायचं, हे त्यांच्या कोणत्याही खात्यात बसेना. अर्धी मंडळी उतरली, उरलेल्या अर्ध्यांनी डेकवरून बंदरातले कोळशाचे ढीग बघत पनीर टिक्का खाल्ला. तरीही आम्ही गोवा केलाच, असं सगळेच सांगतात.

या सगळ्या काळात आत्या होती कुठे? चौथ्या-पाचव्या मजल्यावर बाहेरच्या बाजूला एक अरुंद डेक असतो. जीवरक्षक होड्या त्याच्या डोक्यावर टांगलेल्या असतात. तिथे गाणी नाहीत, पोहण्याचा तलाव नाही, काउंटर नाही, म्हणून माणूसही नाही. आत्याने तिथे सतरंजी अंथरून जागा धरली होती! सफाई करणाऱ्या पोराने आधी उठवायचा प्रयत्न केला. आत्याने त्याचं गाव विचारलं. देवगड तालुक्यातलं निघालं. मग वाडी, मग आईचं माहेर, मग कोणाकडे कोण दिली आहे, आणि पाऊण तासात तो तिचा लांबचा नातेवाईक झाला होता. पूर्वी पी अँड ओच्या आगबोटींवरही रत्नागिरीकडचे खलाशी असत. आमच्याकडे समुद्रावर गेलेला माणूस नात्यात निघाला नाही तरच नवल. संध्याकाळी तो पोरगा कामगारांच्या मेसमधलं तिखट माशाचं कालवण आणि भात एका झाकलेल्या वाडग्यात घेऊन आला. वर आम्ही पांढऱ्या सॉसमधला पास्ता चिवडत होतो.

"मेल्या, ही बोट हा काय लग्नाचो हॉल?" मी तिला न्यायला गेलो तेव्हा तिने विचारलं. मला काही उत्तर सुचलं नाही. वरून डीजेचा दणका ऐकू येत होता.

परतीच्या रात्री वारा उठला. एवढ्या जहाजाला दोन्ही बाजूंनी पाण्याखाली पंख असतात, डोलणं कमी करायला. कमी होतं, जात नाही. रात्री साडेनऊला भावोजींना बोट लागली. कोळंबी, पिझ्झा, पुडिंग, सगळी वसुली त्यांनी व्याजासकट परत केली. अव्होमिन दिली, ती टिकली नाही. जहाजावरच्या डॉक्टरने शांतपणे सांगितलं, की बंद खोलीत डोळे म्हणतात सगळं स्थिर आहे आणि कानातला तोल म्हणतो हलतंय, त्या भांडणातून मळमळ होते. उपाय? मोकळ्या हवेत बसा आणि लांब क्षितिजाकडे बघत राहा.

म्हणजे समुद्र बघा. पथ्य म्हणून.

आम्ही दोघांनी धरून भावोजींना आत्याच्या डेकवर नेऊन सतरंजीवर बसवलं. चांदणं होतं, पाणी कुठे संपतं ते दिसत होतं. आत्याने त्यांच्या तोंडात आलेपाकाची वडी घातली. "जावयबापू, लांब बघा. खाली बघू नका. ताटात तर बघूच नका." तिने लांबवर लुकलुकणारा एक दिवा दाखवून तो कुठल्या दीपगृहाचा ते सांगितलं, तिथला मासळीबाजार सांगितला, आणि त्या गावच्या एका नवऱ्या मुलाला लग्नाच्या दिवशीच बोट लागली होती, तीही गोष्ट सांगितली. भावोजी हुं म्हणत होते. पहाटेपर्यंत ते तिथेच होते. नाश्ता बुडाला. त्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही, यावरून मला त्यांची काळजी वाटली.

पण उतरण्याआधी ते सावरले आणि फोटोच्या दुकानात गेले. आदल्या संध्याकाळी ताईच्या आग्रहाने सगळ्यांचा एकत्र फोटो काढला होता. मागे कापडी पडदा होता, त्यावर रंगवलेला सूर्यास्त, निळ्या लाटा, जहाजाचा कठडा आणि लाल-पांढरी जीवरक्षक कडी. पडद्याच्या बाजूला खरी खिडकी होती. तिच्यातून खऱ्या समुद्राचा झगझगाट येऊन फोटो बिघडत होता, म्हणून फोटोग्राफरने ती आधी झाकून घेतली. फोटोची किंमत ऐकून भाच्याचाही चेहरा पडला, पण भावोजींनी न भागता पैसे दिले.

तो आता त्यांच्या हॉलमध्ये आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, "छान आहे हो, कुठल्या स्टुडिओत काढलात?" भावोजी उठतात, फोटोवर बोट ठेवतात आणि समजावून सांगतात. "हा पडदा. पडद्यामागे भिंत. आणि भिंतीमागे खरा समुद्र. माणशी पैसे भरलेत आम्ही त्याचे!"