बॅलन्स कन्फर्मेशन

प्रति,
माननीय बनावट साहेब,
(पत्ता माहीत नाही. मोबाईल बंद.)

विषय : 31 मार्च 2026 अखेरची बाकी कळवण्याबाबत.

स.न.वि.वि.

मार्च संपला की आम्ही अकाउंट्सवाले सगळ्या पार्ट्यांना एक पत्र धाडतो. आमच्या पुस्तकात तुमच्या नावे अमुक इतके येणे दिसते, तुमच्या पुस्तकात तेवढेच देणे आहे का, ते सही-शिक्क्यानिशी कळवावे, पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास बाकी मान्य आहे असे समजू. ऑडिटरला ही पत्रं फाईलला लागतात. निम्म्या पार्ट्या उत्तर देत नाहीत, आणि ज्यांच्याकडून खरंच पैसे यायचे असतात त्या फोनही उचलत नाहीत. त्यामुळे तुमचा नंबर बंद लागतो याचं मला फारसं काही वाटलं नाही.

तर तुमच्या खात्याचा उतारा असा. शुक्रवार, 23 जानेवारी. दुपारी 3.20 ला 14,00,000, 3.50 ला 16,50,000 आणि 4.25 ला 7,50,000. तिन्ही आरटीजीएस, एकूण 38,00,000. पैकी अडकलेले परत आले 6,20,000. बाकी 31,80,000.

दिवस मात्र तुम्ही फार अभ्यासाने निवडलात. पुढे चौथा शनिवार, मग रविवार, मग प्रजासत्ताक दिन. आमच्या एचआरला सुट्ट्यांचा तक्ता लावायला फेब्रुवारी उजाडतो. साहेब बंगळूरला मशीनच्या प्रदर्शनाला गेलेत हेही तुम्हाला ठाऊक होतं. ते स्वतः साहेबांनीच स्टॉलपुढचा फोटो टाकून जगाला कळवलं होतं म्हणा. तोच फोटो तुम्ही डीपीला लावलात.

‘हा माझा नवीन नंबर. मीटिंगमध्ये आहे, फोन करू नको. पुढच्या पार्टीला पेमेंट सोड प्लीज, बिल नंतर पाठवतो.’

मला आलेल्या नोटिशीत लिहिलंय की ‘कोणत्याही सुज्ञ कर्मचाऱ्यास शंका यावयास हवी होती.’ खरं सांगते, आली. तुम्ही ‘प्लीज’ लिहिलं होतं. सतरा वर्षांत आमच्या साहेबांनी तो शब्द फक्त बँकेच्या मॅनेजरशी बोलताना वापरलाय. मी कळफलकावरून हात काढून थांबलेच. पण तेवढ्यात तुमची दुसरी ओळ आली, ‘अजून झालं नाही का???’ आणि त्या तीन प्रश्नचिन्हांनी माझी खात्री पटली. साहेबच.

एक फोन करून खात्री का केली नाही, असंही नोटीस विचारते. त्याचं असं आहे की सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण आमच्याकडे एकदा झालेलं आहे. दोन दिवाळ्यांपूर्वी एका नव्या पार्टीचं चार लाखांचं पेमेंट मी अडवून धरलं आणि विचारायला साहेबांना फोन केला. ते गिऱ्हाइकासोबत जेवायला बसले होते. संध्याकाळी फॅक्टरीत येऊन, स्टोअर्सची मुलं आणि चहावाला उभा असताना त्यांनी मला विचारलं, ‘तुला इथं विचार करायला ठेवलंय का?’ चहावाल्याने कप तसाच हातात धरून ठेवला, टेबलावर ठेवायचं धाडस त्याला होईना. त्या वर्षी माझी पगारवाढ सहाशे रुपये झाली. प्रशिक्षण पक्कं बसलं.

आता बँकेचं. नेटबँकिंगला आमच्याकडे मेकर आणि चेकर असे दोघे लागतात, हे तुमच्यासारख्या जाणकाराला मी काय सांगणार. मेकरने पेमेंट भरायचं, चेकरने तपासून पास करायचं. मेकर मी, चेकर साहेब. पण साहेब सारखे दौऱ्यावर, म्हणून त्यांचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून माझ्या ड्रॉवरात ठेवलेला. ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिमही साहेबांच्या जुन्या मोबाईलमध्ये घालून त्याच ड्रॉवरात, स्टेपलरच्या पिनांच्या डबीशेजारी. म्हणजे मी पेमेंट भरते, मग खुर्ची थोडी उजवीकडे सरकवते आणि साहेब होऊन ते तपासते. सहा वर्षं असंच चाललंय. त्या शुक्रवारी कंपनीत दोन बनावट साहेब होते, एक तुम्ही आणि एक मी.

आरटीजीएस करण्याआधी बँक आता खातेदाराचं नाव दाखवते. मी ते नीट वाचलं. तुम्ही कळवलेल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळत होतं. भाड्याने घेतलेल्या खात्याच्या मालकाचं खरं नाव कळवण्याइतके तुम्ही सचोटीचे निघालात. पुढे बँकेनेही हात झटकले. पासवर्ड बरोबर, ओटीपी बरोबर, पैसे तुमच्या तुम्हीच पाठवलेत, आमच्या बाजूने सगळं रीतसर.

पावणेसहाला साहेबांचा, म्हणजे खऱ्या साहेबांचा, टॅक्सीच्या बिलासाठी फोन आला. मी म्हटलं, ‘तिन्ही पेमेंट झाली साहेब.’ पलीकडे बराच वेळ फक्त प्रदर्शनातल्या भोंग्याचा आवाज. मग ते म्हणाले, ‘कोणाला बोलू नकोस. आधी सीएला विचारू.’ सीए भाचीच्या लग्नात. 1930 ला फोन लावायची परवानगी मिळाली दुसऱ्या दिवशी दुपारी एकला. तक्रार जितकी लवकर, तितके पैसे वाटेत अडकतात, हे त्या हेल्पलाईनवरच्या मुलाने मला फार मायेने समजावलं. तोवर तुम्ही रक्कम किती खात्यांत फिरवली असेल देव जाणे. 6,20,000 तेवढे अडकले. ही एकोणीस तासांची दिरंगाई नोटिशीत कुठे नाही. नोटीस ज्यांनी लिहिली, त्यांच्याकडून ती राहून गेली असावी.

तुमच्याच भाऊबंदांनी सप्टेंबर 2022 मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना त्यांचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने असाच व्हॉट्सअ‍ॅप केला आणि कोटीच्या वर रक्कम नेली. हाँगकाँगला तर 2024 च्या सुरुवातीला व्हिडिओ कॉलवर समोर बसलेली सगळीच माणसं खोटी होती म्हणे, आणि 20 कोटी हाँगकाँग डॉलर गेले. त्यामानाने आमच्याकडे एक डीपी आणि तीन प्रश्नचिन्हांत काम भागलं. स्वस्तात पडलो तुम्हाला.

आता मुद्द्याचं. हे 31,80,000 पुस्तकात टाकायचे कुठे? मी सस्पेन्सला टाकले होते. फेब्रुवारीत सीएंचा फोन आला. ‘ताई, सस्पेन्सला नको, ऑडिटर विचारेल. स्टाफ अ‍ॅडव्हान्सला घ्या.’ मी विचारलं, ‘कोणाच्या नावे?’ सीए नुसतेच खाकरले.

मग मी टॅलीत एफ सेव्हन दाबून जर्नल उघडलं. माझ्या नावाचं लेजर नव्हतं, कारण सतरा वर्षांत मी कधी उचल घेतलेली नाही. आल्ट सी दाबून ते तयार केलं. आडनाव आधी, मग नाव, जसं बाकी स्टाफचं आहे तसं. डेबिट मी, क्रेडिट सस्पेन्स. खाली नॅरेशनचा रकाना असतो, हे का केलं ते त्यात लिहायचं. कर्सर तिथे लुकलुकत राहिला. शेवटी ‘साहेबांच्या सांगण्यावरून’ एवढंच लिहिलं आणि कंट्रोल ए दाबला. एंट्रीची मेकर मीच आणि पार्टीही मीच.

तेव्हा पुस्तकाप्रमाणे तुमच्याकडून आता काहीच येणं नाही. खरं तर हे पत्र मी मलाच पाठवायला हवं होतं. पण सही कोणाकडून घेऊ?

ही रक्कम माझ्या पगारातून कापण्याची नोटीस कायद्याला धरून आहे, असं एचआरचं म्हणणं. कायद्यात एक वाक्य आहेच. ज्या पैशांचा हिशेब कर्मचाऱ्याने द्यायचा आहे, ते पैसे थेट त्याच्या हयगयीमुळे गेले असतील, तर पगारातून कापता येतात. 1936 च्या वेतन कायद्यात ते होतं, 2019 च्या वेतन संहितेतही जवळपास तसंच उतरलंय, आणि ही संहिता गेल्या नोव्हेंबरपासून लागू आहे. त्यातल्या ‘थेट’ या शब्दापाशी मी दोन रात्री बसून होते. नवा नंबर दिसल्यावर माझ्या कपाळाला आठी पडायला हवी होती, ती पडली नाही. तेवढी हयगय माझी, ती मी लेखी कबूल केलीय. पण मग चिठ्ठी, ड्रॉवरातला मोबाईल, चहावाल्यासमोरचं ते प्रशिक्षण आणि सीएंची भाची हे सगळं ओलांडून माझ्यापर्यंत थेट यायचं म्हणजे बराच वळसा पडतो. शिवाय दोन वर्षांपूर्वी विम्याचा एजंट सायबर पॉलिसी घेऊन आला होता. साहेबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. ‘आपली माणसं पक्की आहेत, विमा कशाला?’

पण अकाउंटंटने वाद घालू नये, हिशेब मांडावा. माझा पगार 30,500. सगळ्या कपाती मिळून निम्म्यावर जायला परवानगी नाही, म्हणजे 15,250. त्यातले पीएफचे 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्सचे 200 आधीच जातात. उरले 13,250. 31,80,000 भागिले 13,250 म्हणजे बरोबर 240 हप्ते. इतका सुंदर भागाकार मला बॅलन्स शीटलाही कधी लागलेला नाही. (फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स 300 असतो, वर्षाला शंभराचा फरक पडेल. तो मी सोडून दिलाय.) नोटिशीत ‘व्याजासह’ असंही आहे, पण नुकसानाच्या रकमेपेक्षा जास्त कापता येत नाही, म्हणून ती ओळ मी पेन्सिलने खोडली.

240 हप्ते म्हणजे वीस वर्षं. मी 49 ची आहे. आमच्याकडे निवृत्ती 58 ला, तोपर्यंत 14,31,000 फिटतील आणि 17,49,000 राहतील. तेव्हा कंपनीने मला 69 व्या वर्षापर्यंत कामावर ठेवावं, अशी विनंती मी उत्तरात केलीय. माझ्या तब्येतीची काळजीही आता कंपनीनेच घ्यायला हवी. जिना चढताना मी कठडा धरते.

एचआरच्या पोराचं मत वेगळं. तो म्हणतो, काढूनच टाकू. निष्काळजीपणाने नुकसान केलं म्हणून काढलं, तर त्या नुकसानापुरती ग्रॅच्युइटी जप्त करता येते, हे 1972 च्या कायद्यापासून चालत आलंय. बरोबर आहे. माझी ग्रॅच्युइटी किती? बेसिक आणि डीए मिळून 26,000, भागिले 26, गुणिले 15, गुणिले 17. दोन लाख पंचावन्न हजार. आणि पीएफला हात लावता येत नाही. म्हणजे मला काढलं तर 31,80,000 पैकी 2,55,000 वसूल, आणि ठेवलं तर वीस वर्षं रोज सकाळी माझं तोंड बघणं. हा पेच मी एक्सेलच्या एका पानावर मांडून दिला. साहेबांनी तो उलटा धरून वाचला.

ग्लासगोत एक बाई अशाच सापडल्या होत्या. 2015 ची गोष्ट, मॅडम सुट्टीवर टेनेरिफला आणि मेलवर मॅडमच्या नावाने कोणीतरी तुमच्यासारखं. बँकेने काही रक्कम परत दिली, उरलेल्या सुमारे 1,08,000 पौंडांसाठी कंपनीने बाईंना कामावरून काढून वर कोर्टात खेचलं. असली फसवणूक ओळखायला आपल्याला कोणी शिकवलंच नव्हतं, असं बाईंचं म्हणणं. 2019 मध्ये एडिंबराच्या कोर्टाने कंपनीचा दावा फेटाळला. आणि ऑस्ट्रियात विमानांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचे असेच सुमारे 5 कोटी युरो गेले, 2016 मध्ये तिथल्या पर्यवेक्षक मंडळाने घरी पाठवलं ते मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला. ही दोन्ही कात्रणं मी छापून ठेवलीत. दुसरं साहेबांच्या टेबलावर ठेवायला तीनदा केबिनच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. ते चिठ्ठीखाली ड्रॉवरातच आहे.

एक जुनी नोंद मात्र राहिली. 2022 मध्ये एका पार्टीला तेच बिल दोनदा दिलं गेलं होतं. ते मी शोधलं आणि 3,40,000 परत आणले. साहेबांनी पाव किलो पेढे मागवले आणि म्हणाले, ‘स्टाफमध्ये वाट.’ माझ्या लेजरला क्रेडिट बाजूला हे 3,40,000 घ्यावेत का, असं मी सीएंना विचारलंय. पेढ्यांचे वजा करून. ते पुन्हा खाकरले.

बाकी सगळं ठीक. नवं परिपत्रक निघालंय, यापुढे प्रत्येक पेमेंटआधी साहेबांना फोन करून खात्री करावी. खाली साहेबांची सही, ठळक. पासवर्ड बदलला, नवी चिठ्ठी त्याच ड्रॉवरात आहे.

आणि काल दुपारी सव्वातीनला मेसेज आला. ‘विमानतळावर आहे, फोन करू नको. पेमेंट सोड.’ नंबर साहेबांचाच. मी फोन केला, कट झाला. पुन्हा केला, पुन्हा कट. मग तीन प्रश्नचिन्हं आली. मी पेमेंट सोडलेलं नाही. कळफलकावरून हात काढून बसलेय. या वेळी ‘प्लीज’ नव्हतं, त्यावरून साहेबच असावेत, पण तुम्हीही एव्हाना सुधारला असाल.

तुम्ही होतात का, एवढं तेवढं उलट टपाली कळवावं.

आपली,
सीनियर अकाउंटंट
(मेकर)

वरील बाकी आम्हास मान्य आहे / नाही. (नको ते खोडावे.)
सही व शिक्का : ....................

प्रत माहितीसाठी : खरे साहेब. (फोन करू नये.)