झाडूचं कलम

स्टुटगार्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. १९६८ पासून मुंबईशी भगिनी शहराचं नातं असलेल्या या गावात घर मिळणंही मुंबईइतकंच कठीण! अखेर मिळालं, पण सोबत जर्मन भाषेतला भाडेकरार आला. एकेक वाक्य या पानावर सुरू होऊन पुढच्या पानावर संपणारं. हे म्हणाले, "एआय कशाला आहे?" पीडीएफ त्याच्या घशात घातली आणि चहा उकळायच्या आत शुद्ध मराठीत सारांश हजर. "भाडेकरूने इमारतीच्या स्वच्छतेत सहकार्य करावे." आम्ही म्हटलं, करू की!

काही दिवसांनी आमच्या दाराला एक पाटी लटकलेली दिसली: 'केरवोखे'. ह्यांना वाटलं, नव्या शेजाऱ्यांचं स्वागत. खालच्या आजीबाईंनी बादली पुढे केली तेव्हा उलगडा झाला. ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना पुसायचा, तळघराची वाट झाडायची, समोरचा फुटपाथसुद्धा. मूळ करारात याला पाऊण पान दिलं होतं. सारांशात नुसतं 'सहकार्य'!

म्हणून आता मी सारांश मागत नाही, उलटतपासणी घेते. विचारलं, घर सोडायचं तर नोटीस किती? म्हणे तीन महिने. इथल्या कायद्यानुसार ते बरोबरच. म्हटलं, कलमाचा क्रमांक सांग आणि मूळ जर्मन वाक्य दाखव. लगेच स्वारी माफी मागायला लागली, कारण पुढच्याच कलमात होतं की पहिली दोन वर्षं कुणीच नोटीस द्यायची नाही. हे यंत्र म्हणजे लग्न जमवणारी मावशी आहे, बाबा. मुलगा उत्तम, घराणं उत्तम. कर्जाचं मात्र खोदून विचारल्याशिवाय निघत नाही. रविवारच्या शांततेचं कलमही असंच खोदल्यावर निघालं. इडलीचं पीठ आता शनिवारीच वाटते.

आता मुद्द्याचं. आपल्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या कराराचा एआयने केलेला एकपानी सारांश दाखवून सेक्रेटरी सह्या घेत फिरताहेत, असं आई फोनवर म्हणाली. ते पान रद्दीत टाका आणि सोसायटीकडून पूर्ण मसुदा मागून घ्या. आधार-पॅनचे नंबर खोडून मला पाठवा. कार्पेट एरिया किती, भाडं कुठल्या तारखेपर्यंत, काम रखडलं तर दंड काय, बँक गॅरंटी कितीची, हे सगळं मी इथून एआयला विचारून घेते, प्रत्येक उत्तरापुढे कलमाच्या क्रमांकासकट. ती कलमं तुम्ही तुमची पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचा, मग वकिलांना दाखवा. तोवर सेक्रेटरी पेढे घेऊन आले तरी पेढे घ्या, सही करू नका.

आईस सा. न.

तुमची,
सुमी