आभाळातल्या भंगाराची केवायसी

जामच्या चौरस्त्यावर मत फुकट मिळतं, चहाला मात्र पैसे पडतात. नागपूरहून येणारा महामार्ग इथं फुटतो. एक फाटा हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. ज्याची बस चुकली त्याला पुढची येईपर्यंत देशाच्या धोरणावर बोलायला वेळ मिळतो आणि एसटीच्या कृपेनं तो भरपूर मिळतो. दिल्लीत याच कामासाठी संस्था काढतात, तज्ज्ञ नेमतात, जाडजूड अहवाल छापतात. इथं एक बाकडं आणि तर्री-पोह्याची प्लेट पुरते. शिवाय अहवाल कोणी वाचत नाही. इथलं मत निदान पुढच्या बसनं चंद्रपूरला तरी पोचतं.

या बाकड्याचे तीन कायम सभासद. एक निवृत्त गुरुजी. दुसरे जवळच्या गावचे कापूसवाले काका. तिसरा समोरच्या झेरॉक्स-कम-सेवा केंद्राचा पोरगा. काका आणि सरकार यांच्यामध्ये एवढा एकच माणूस उभा आहे आणि त्यालाही नेट मिळत नाही.

परवा विषय निघाला अंतराळाचा. तो इथं नेहमीच निघतो, कारण अंतराळ आमच्या शेजारच्या जिल्ह्यात पडलेलं आहे.

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आभाळातून आगीच्या रेघा सरकत गेल्या. लोक गुढ्या उतरवून जेवायच्या तयारीत होते. बहुधा आभाळानंही आपली उतरवली. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. व्यास सुमारे तीन मीटर, वजन चाळीस किलोंच्या वर. पुढं पवनपारजवळ धातूचा एक गोळाही सापडला. म्हणजे कळसाचीसुद्धा सोय होती.

चौरस्त्यानं त्या रात्री उल्का, विमान, क्षेपणास्त्र आणि 'सरकारचं कायतरी' अशी चार मतं नोंदवली. चौथं मत चौरस्ता कधीच मागं घेत नाही. तिकडं अमेरिकेत जोनाथन मॅकडॉवेल नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं हिशोब मांडून सांगितलं की हा फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चिनी चांग झेंग 3बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. आपल्या गावात काय पडलं हे अमेरिकेतून कळावं, यात आमच्याकडच्या लोकांना काही नवल वाटलं नाही. आपल्या गावात काय मंजूर झालं हेही मुंबईहूनच कळतं.

मग त्या कड्याचं काय झालं? कोणत्याही बेवारस वस्तूचं होतं तेच. ते सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात जमा झालं. वर्षभर पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आलेल्या यंत्राला शेवटी मुद्देमालात जागा मिळाली. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले.

काकांना मात्र एकच प्रश्न पडला होता आणि तो त्यांनी परवा पुन्हा विचारला. ‘‘मले सांगा गुरुजी, आभायातून एवढं मोठं पडलं. त्याच्याजवळ आधार कार्ड होतं का?’’

‘‘नव्हतं.’’

‘‘सातबारा?’’

‘‘काका, ते रॉकेट आहे.’’

‘‘मंग त्याले काहून कोनी अडवलं नाई?’’

काकांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यांच्या शेतात कापूस आहे. कापूस आहे हे काकांना माहीत आहे, शेजाऱ्याला माहीत आहे, रानडुकरांना तर फारच चांगलं माहीत आहे. पण शासनाला ते कळावं म्हणून 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं मोबाईल घेऊन स्वतःच्या वावरात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा. फोन अक्षांश-रेखांश जुळवून ठरवतो की माणूस खरंच वावरात उभा आहे. मग पीक सातबाऱ्यावर चढतं. ज्या वावरात रेंज येत नाही तिथला कापूस शासकीय दृष्ट्या अजून उगवलेला नसतो. देशाच्या उपग्रहांना वरून पीक दिसतं, पेऱ्याचा अंदाज त्यावरून बांधतात, हे गुरुजींनी काकांना एकदा सविस्तर समजावलं होतं. काका म्हणाले, ‘‘मंग त्यालेच म्हना ना, फोटो काढून पाठव. तो तं वरच आहे.’’

2025 च्या हंगामात भर पडली ती हमीभावानं कापूस घेणाऱ्या सीसीआयच्या ‘कपास किसान’ अ‍ॅपची. लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव 8110 रुपये, मध्यम धाग्याला 7710. तो पाहिजे असेल तर आधी अ‍ॅपवर नोंदणी करा. नोंदणीला आधार, सातबारा, पेऱ्याची नोंद लागते. मग स्लॉट घ्या. मग गाडी भरून केंद्रावर जा, तिथं ओलावा मोजतील. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बाराच्या वर गेला तर घरी न्या. कापसाला पाणी किती हे मोजणारं यंत्र सरकारजवळ आहे. अ‍ॅप न उघडणाऱ्या माणसाच्या डोळ्यातलं मोजणारं अजून निघालेलं नाही. निघालं तर त्याचीही मर्यादा ठरवतील.

अंगठ्याची तर स्वतंत्र कथा आहे. कापूस वेचून, निंदण करून बायांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. मशीनवर अंगठा ठेवला की मशीन सांगतं, ही बाई ती नव्हे. आयुष्यभर हातानं काम केल्याचा पुरावा म्हणजे हात ओळखू न येणं. ज्यांच्या बोटांनी कधी काही केलं नाही, त्यांचे ठसे पहिल्या झटक्यात जुळतात.

लाडक्या बहिणींची गोष्टही इथं निघतेच. दीड हजार रुपये 2024 च्या जुलैपासून सुरू झाले तेव्हा पात्रता पटापट जुळत होती; निवडणूक तोंडावर होती. निवडणूक झाली आणि 2025 मध्ये ई-केवायसी आली. बहिणीचा आधार क्रमांक तर हवाच, सोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचाही हवा आणि त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी. ज्यांचा नवराही गेला, बापही गेला, त्या केंद्रावर येऊन विचारू लागल्या की आता ओटीपी कुठून आणू? झेरॉक्सवाल्या पोराजवळ उत्तर नव्हतं. वरून आलेलं रॉकेट बेवारस चालतं. बाई बेवारस चालत नाही.

आता गोपनीयता. हा शब्द चौरस्त्यावर उच्चारला की हशा होतो. खेड्यात कोणाच्या घरी आज काय शिजलं हे वासावरून कळतं आणि कोणाच्या घरी शिजलं नाही हेही. कोणावर किती कर्ज, कोणाची सोयरीक कुठं मोडली, सगळं उघड. मग शहरातले लोक म्हणतात, गावच्या माणसाला गोपनीयतेचं काय पडलंय! मला हे मत फार घाईचं वाटतं. गावाला तुमचं सगळं माहीत असतं, पण तुम्हालाही गावाचं सगळं माहीत असतं. शेजारीण काही बोलली तर तिला चार शब्द ऐकवता येतात, तिच्या भावाचं लफडं काढता येतं. पोर्टलचं काय काढणार? पोर्टलला भाऊ नसतो.

कायद्याचं म्हणाल तर देश कमी पडलेला नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे. गुरुजींना ती तारीख पाठ आहे. चौरस्त्याला तिच्या आदल्या दिवशीची पाठ आहे. 23 ऑगस्ट 2023 ला सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं, तेव्हा याच बाकड्यावर मोबाईल उभा करून सगळ्यांनी पाहिलं, पेढे वाटले. मोहिमेचा खर्च सुमारे 615 कोटी हा आकडाही सगळ्यांच्या तोंडी होता. अभिमान वाटावा अशीच गोष्ट होती, मी स्वतः दोन पेढे खाल्ले. हक्क उतरला त्या दिवशी पेढे कोणी वाटले नाहीत. कारण तो नक्की कुठं उतरला हे अजून सापडलेलं नाही.

2023 मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदाही झाला. त्यात संमतीला मोठं महत्त्व आहे. मात्र सरकारजवळ आधीच असलेली माहिती अनुदान, लाभ, दाखला यासाठी वापरायची तर नव्यानं संमती लागत नाही, अशी सोयही आहे. आणि जिथं लागते तिथं ती झेरॉक्सवाला पोरगा देतो. इंग्रजीतल्या अटी खालपर्यंत सरकवतो, चौकोनात टिक मारतो, ‘मला मान्य आहे’ दाबतो आणि काकांना म्हणतो, वीस रुपये. काकांची संमती वीस रुपयांत होते. तेही ते स्वतःच्या खिशातून देतात.

याच पोराच्या धंद्यावर एकदा संकट आलं होतं. 27 मे 2022, शुक्रवार. आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं सूचना काढली की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, आकडे झाकलेली प्रत वापरा. बारा वर्षं देशभर झेरॉक्स वाटून झाल्यावर ही आठवण झाली. रविवारी सरकारनं ती सूचना मागं घेतली; लोक चुकीचा अर्थ लावतील म्हणे. दोन दिवस देशाची गोपनीयता सुरक्षित होती आणि त्यातला एक रविवार. सोमवारी पोरानं मशीन सुरू केलं. हॉटेलवाल्याला, सिमवाल्याला, सोसायटीला, पतसंस्थेला, सगळ्यांना पूर्ववत एक एक प्रत.

फोनचंही तसंच. सेवाग्राम इथून फार लांब नाही. तिथं आश्रमात एक जुना टेलिफोन दाखवतात. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी बोलता यावं म्हणून तो बसवला होता. म्हणजे साम्राज्याला एका माणसाशी संपर्क ठेवायचा तर तार ओढत खेड्यापर्यंत यावं लागलं आणि तरी तो फोन फक्त वाजायचा. बापू फिरायला कुठं गेले, कोणाशी बोलले, काय खाल्लं, हे त्याला कळत नसे. आता तो खर्च आपण उचललाय, फोन आपण हप्त्यानं घेतो. 2025 च्या नोव्हेंबरअखेर दूरसंचार विभागानं कंपन्यांना फर्मावलं की प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ आधीच टाकून द्या. ओरड झाली, आठवडाभरात सक्ती मागं घेतली. चौरस्त्यावर दोन तट पडले. एक तट म्हणाला, चोरीचा फोन सापडत असेल तर काय वाईट? दुसरा म्हणाला, माझा चोरीला गेलेलाच नाही, मग माझ्यामागं काहून? वाद निकाली निघाला नाही, कारण तेवढ्यात वाद घालणाऱ्यांपैकी एकानं ‘तुमचा चेहरा म्हातारपणी कसा दिसेल’ सांगणाऱ्या कुठल्यातरी अ‍ॅपला कॅमेरा, माइक आणि पत्ते अशा सगळ्या परवानग्या देऊन टाकल्या.

परत काकांच्या प्रश्नावर येतो, कारण काका त्यावरून हलत नाहीत. ‘‘समजा ते कडं माह्या पऱ्हाटीवर पडलं असतं, तं पैसे कोन देते?’’

गुरुजींनी चष्मा सारखा केला. हा त्यांचा प्रांत. 1972 चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. अंतराळातून पडलेल्या वस्तूनं जमिनीवर नुकसान केलं तर ज्या देशानं ती सोडली तो पूर्ण जबाबदार; चूक सिद्ध करायचीही गरज नाही. 1978 मध्ये सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस 954 हा अणुभट्टीवाला उपग्रह कॅनडात पडला. कॅनडानं साठ लाख डॉलर मागितले, 1981 मध्ये तीस लाखांवर मिटलं.

‘‘निम्मे दिले?’’ काका खूश झाले. ‘‘आमाले पीकविम्यात तं इतकेही भेटत नाई.’’

‘‘आणि 1979 मध्ये अमेरिकेची स्कायलॅब ऑस्ट्रेलियात पडली, तेव्हा तिथल्या एस्परन्स गावच्या पंचायतीनं नासाला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलर दंड लावला होता.’’

इथं चौरस्त्यावर शांतता झाली. ग्रामपंचायत अमेरिकेला पावती फाडते, ही कल्पनाच इतकी सुंदर होती की पोरानं चहा थंड होऊ दिला.

मग गुरुजींनी रीत सांगितली. दावा राजनैतिक मार्गानंच करायचा आणि एका वर्षाच्या आत. म्हणजे तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, जिल्हाधिकारी, मुंबई, दिल्ली, परराष्ट्र खातं, तिथून बीजिंग. काकांनी हिशोब केला. त्यांच्या फेरफाराचा अर्ज तहसीलच्या पुढं सरकायलाच याहून जास्त लागला होता. बीजिंग कितीतरी लांब.

‘‘पण सुरुवात तर करता येते,’’ पोरगा म्हणाला. त्यानं तिथंच काल्पनिक नुकसानीचा काल्पनिक अर्ज भरायला घेतला. नाव, गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र. मग नुकसानीचं कारण या रकान्यावर बोट अडलं. त्यानं पर्याय वाचून दाखवले: अतिवृष्टी, पूर, गारपीट, वीज, कीड. चिनी रॉकेट नव्हतं. ‘इतर’ सुद्धा नव्हतं.

‘‘गारपीट टाक,’’ एक प्रवासी म्हणाला. ‘‘वरूनच पडलं ना.’’

‘‘चाळीस किलोची गार? पंचनाम्याला येतील ते काय म्हनतील?’’

‘‘वीज टाक.’’

गुरुजींना खोटं लिहिणं मंजूर नव्हतं. त्यांचं म्हणणं, रकाना रिकामा सोडा आणि सोबत करारातल्या कलमाची प्रत जोडा. रकाना रिकामा सोडला तर पुढचं पान उघडत नाही, असं पोरानं सांगितलं.

शेवटी काकांनीच तोडगा काढला. चंद्रपूरची बस वळणावर दिसायला लागली होती आणि त्यांना फार वेळ नव्हता.

‘‘रानडुक्कर लिही बाप्पा. त्याचा कागद वनखात्यात वेगळा चालते. अन् वनरक्षकानं इचारलं तं सांग, चीनकडून आलं होतं.’’