शैलीदार फोटोग्राफर व्हा : जालना आवृत्ती

जालन्यात नव्याने कॅमेरा घेणाऱ्याने आधी वॉटरमार्क करून घ्यावा. फोटो काय, नंतरही काढता येतात. आपल्या नावापुढे ‘फिल्म्स’ जोडून ते वळणदार अक्षरांत असं ठसवावं, की नवरीच्या शालूचा काठ त्याखाली झाकला जाईल. शैलीचा निम्मा प्रश्न तिथंच मिटतो.

उरलेला प्रीसेटवर सोपवावा. मोती तलावावरची संध्याकाळ असो, अंबडच्या मत्स्योदरी देवीची टेकडी असो की मोसंबीची बाग, सगळ्यांना एकच नारिंगी-निळी छटा चढवावी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, हे खरं. पण फोटोत ती संत्र्यासारखी दिसली म्हणून ते कुणी काढून घेत नाही.

मग थोरांची नावं घ्यायला शिकावं. आँरी कार्तिए-ब्रेसाँ हे नाव चहाच्या टपरीवर चांगलं वजन पाडतं. मात्र या गृहस्थाने बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या एका लेन्सवर भागवलं, ही माहिती घरी पोचू देऊ नये; तिसऱ्या लेन्सचे हप्ते धोक्यात येतात.

लाला दीनदयाळ यांचं नाव घेताना तर जास्तच जपावं. १८८५ साली ते सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, आणि जालना तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं, एवढं सांगून थांबावं. त्याआधी त्यांनी रुडकीला अभियांत्रिकी शिकून इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी केली होती. त्यांच्या फोटोंतल्या इमारती इतक्या नेमक्या उभ्या दिसतात, त्यात नकाशे काढलेल्या हाताचा वाटा असणार. म्हणजे शैली पोटापाण्याच्या धंद्यातूनही अंगी लागू शकते. असलं काही कार्यशाळेत सांगितलं तर फी कोण भरेल?

मूळचे अकोल्याचे सुधारक ओलवे यांचा मार्गही अडचणीचाच. मुंबईच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जायचं, तेही कचऱ्यात आणि गटारापाशी. याचं रील होत नाही.

आणि चुकूनही एमआयडीसीतल्या एखाद्या रोलिंग मिलमध्ये नियमित जाऊ नये. तिथं भंगार वितळवून केलेले बिलेट तापवून त्यांच्या सळ्या लाटतात. लालबुंद सळईवर एक्स्पोजर धरलं की कामगाराचा चेहरा काळा पडतो. चेहऱ्यावर धरलं की सळई पांढरी फटक. आधी कुणाला सांभाळायचं, हे दर वेळी स्वतःच ठरवावं लागतं. अशी सवय एकदा लागली की माणूस लग्नातही स्टेज सोडून आचाऱ्याच्या भट्टीपाशी रेंगाळतो, आणि वॉटरमार्क नसला तरी फोटो कुणाचा ते ओळखू येतं. मग वॉटरमार्कचे पैसे फुकट गेले.

इतकं सांभाळूनही लग्नाचा करिझ्मा अल्बम दाखवायचा दिवस येतोच. नवरीचे मामा पानं उलटतात, मान डोलावतात आणि म्हणतात, “भाऊ, काम झकास झालंय. फक्त पोरीला जरा गोरं करा, अन् मामीला मागच्या रांगेतून पुढं घ्या.” अशा वेळी कलेच्या स्वातंत्र्यावर बोलू नये. मामीला पुढं घ्यावं. बाकीची रक्कम त्यानंतर मिळते.