परदेशवारीत आजारी कसे पडावे

सहलीच्या कंपन्या सगळं सांगतात. स्वेटर किती घ्यायचे, पासपोर्ट कुठल्या खिशात ठेवायचा, रोममध्ये पाकीटमारांपासून कसं सावध राहायचं, याच्या छापील सूचना मिळतात. आजारी कसं पडायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मग ऐन मे महिन्यात आपली माणसं परक्या गावी अत्यंत गबाळेपणाने आजारी पडतात आणि परत आल्यावर ‘तिकडे काही अर्थ नाही’ एवढाच अहवाल देतात. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील मार्गदर्शन.

पूर्वतयारी

आजारपणाचा पाया विमा काढतानाच घालावा लागतो. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा सक्तीचा आहे. तो काढताना एजंटला एकच प्रश्न विचारावा, ‘सगळ्यात स्वस्त कुठला?’ त्या पॉलिसीत काय बसतं आणि काय बसत नाही, हे वाचायला विमानात वेळ मिळतो. अर्थात विमानात आपण पिक्चर बघतो.

मग प्रपोजल फॉर्म येतो. ‘मधुमेह आहे का?’ या प्रश्नापुढे निर्धाराने ‘नाही’ लिहावं. शुगर फक्त बॉर्डरवर आहे. गेली दहा-बारा वर्षं ती तिथेच मुक्कामाला आहे, हा भाग वेगळा. ‘रक्तदाबाचा त्रास?’ गोळी चालू आहे, म्हणजे त्रास नाहीच. गुडघ्याचं ऑपरेशन तर झालं आणि संपलं. अशा रीतीने कागदोपत्री ठणठणीत होऊन, दोन-चारशे रुपये वाचवून आपण विमानात बसतो.

याची गंमत पुढे कळते. तिकडच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘सध्या कुठली औषधं घेता?’ आता जीव घाबरा झालेला असतो. फॉर्म भरतानाचा बाणेदारपणा गळून पडतो आणि आपण अख्खी पिशवीच त्यांच्यापुढे उलटी करतो. डॉक्टर प्रामाणिक असतात. ते एकेक गोळी कधीपासून चालू आहे हे विचारून डिस्चार्जच्या कागदावर व्यवस्थित नोंदवतात, आणि तोच कागद विमा कंपनीला हवा असतो. आधीपासून असलेला आजार लपवला, या एका वाक्यात सगळा हिशेब मिटतो. जुन्या आजारासाठी थोडा जास्त हप्ता घेऊन संरक्षण देणाऱ्या पॉलिसी आपल्याकडे मिळतात. पण त्या घेतल्या तर शेजाऱ्यांच्या पॉलिसीपेक्षा आपली महाग पडते, आणि ते परवडण्यासारखं नसतं.

औषधांच्या पिशवीबद्दल दोन शब्द. ती नेहमी मोठ्या बॅगेत टाकून बॅग चेक-इन करावी, म्हणजे बॅग भलत्याच गावी गेली तर बीपीची गोळीही प्रवास करून येते. पट्ट्या कात्रीने अशा कापाव्यात की नाव एका तुकड्यावर आणि तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहील, आणि दुसरा तुकडा घरी राहील. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊ नये. घेतलीच तर ब्रँडच्या नावांची घ्यावी, औषधाच्या मूळ नावांची नको. क्रोसिन म्हटल्यावर झुरिकचा केमिस्ट नम्रपणे हसतो, पॅरासिटामॉल म्हटलं तर देऊन मोकळा होतो. अमेरिकेत आणि जपानात त्यालाच अॅसिटामिनोफेन म्हणतात. अँटिबायोटिक मात्र युरोपात चिठ्ठीशिवाय मिळत नाही. ‘नेहमीचंच आहे हो, तीन दिवसांचा कोर्स’ हे वाक्य पुण्यात कुठल्याही कोपऱ्यावर चालतं, तिथे चालत नाही.

मुलाकडे दुबईला जाणाऱ्यांना आजारी न पडताही वैद्यकीय अडचणीत येण्याची सोय आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी तिथे नियंत्रित औषधांत मोडते आणि आधी परवानगी काढावी लागते. खसखशीवर तर बंदीच आहे. तेव्हा नातवासाठी नेलेले अनारसे कस्टमवाल्यांना दाखवताना ते कशावर थापलेत, हे कौतुकाने सांगत बसू नये.

स्थळाची निवड

कुठे आजारी पडायचं, हे बहुतेक लोक नशिबावर सोडतात. तसं करू नये.

युंगफ्राउयोख ही जागा या कामासाठी उत्तम. उंची 3,454 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. खालच्या इंटरलाकेनहून सकाळी निघालेला माणूस चहा जिरायच्या आत तिथे पोहोचू शकतो. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. वर गेल्यावर हळू चालावं, पाणी प्यावं, डोकं जड झालं तर बसावं आणि बरं वाटेना तर खाली उतरावं, असं जाणकार सांगतात. आपण गाडीतून उतरताच बर्फाकडे धावत जावं, झेंड्यापाशी फोटोची रांग असल्यास कोपराने वाट काढावी आणि ‘एवढे पैसे भरलेत’ हा मंत्र म्हणत तासभर नाचावं. स्वित्झर्लंडमध्ये रुग्णवाहिकेचा नंबर 144, हेलिकॉप्टर बचावसेवेचा 1414. हेलिकॉप्टरमधून दिसणारी आल्प्सची शोभा सहलीच्या दरपत्रकात नसते. तिचं बिल वेगळं येतं.

चालणं जमत नसेल त्यांनी पॅरिस निवडावं. तिथे 1966 पासून घरी किंवा हॉटेलवर डॉक्टर पाठवणारी एसओएस मेदसां नावाची सेवा आहे. रात्री दोनलाही डॉक्टर येतो, हे ऐकून आपल्याकडच्या जुन्या लोकांना भरून येईल. इंग्लंडमध्ये इमर्जन्सी विभागातले उपचार परदेशी माणसालाही फुकट असतात, आणि हे आपल्या लोकांना बकिंगहॅम पॅलेसच्या आधी माहीत असतं. वॉर्डात दाखल केलं की मात्र पर्यटकाला त्यांच्या ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते. ती बातमी तितकीशी पसरलेली नाही.

अमेरिकेत 1986 च्या कायद्यामुळे इमर्जन्सीत आलेल्या माणसाला पैसे आहेत की नाहीत हे न बघता तपासावं आणि धोक्याबाहेर काढावं लागतं. काढतात. मग आपण घरी येतो, दिवाळीही जवळ येते, आणि मुलीच्या पत्त्यावर पाकिटं यायला लागतात: हॉस्पिटलचं एक, डॉक्टरांचं निराळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं तिसरं, रुग्णवाहिकेचं चौथं. पाडव्याला ओवाळणी कमी पडली तर कारण हेच.

प्रत्यक्ष हॉस्पिटलात

आपल्याकडे दवाखान्यात पहिला आला तो पहिला, आणि ओळखीचा आला तो त्याच्याही आधी. तिकडे दारातच एक नर्स बसते आणि तुमचा रंग ठरवते. ब्रिटन, पोर्तुगाल आणि जर्मनीतल्या अनेक हॉस्पिटलांत मँचेस्टर पद्धत चालते. लाल म्हणजे तत्काळ, नारिंगी म्हणजे दहा मिनिटांत, पिवळ्याला एक तास, हिरव्याला दोन, निळ्याला चार. हे आदर्श वेळापत्रक झालं, शनिवारी रात्रीचं नव्हे.

रंग ठरवताना नर्स विचारते, दुखणं शून्य ते दहापैकी किती? इथे मराठी माणसाचा घात होतो. उभा जन्म ‘बरं आहे’ म्हणण्यात गेलेला. पोटात पीळ पडून घाम फुटलेला असतानाही काका म्हणतात, ‘तसं काही विशेष नाही. दोन-तीन लिहा.’ काकूंना विचारावं तर त्या काकांकडे बघतात. शेवटी ‘सहन होतंय’ असं उत्तर निघतं. नर्स शांतपणे हिरवा शिक्का मारते. शेजारी फुटबॉल खेळताना घोट्याला मुरगळ बसलेला एक तरुण ‘नऊ’ म्हणून ओरडतो आणि आत जातो. हा आपल्या संस्कारांचा पराभव आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण त्यावर तक्रार करायला तिथे खिडकी नाही.

अखेर आत नेतात. रक्त घेतात, ईसीजी काढतात, पोट दाबतात, आणि तासाभराने एक चष्मेवाली मुलगी येऊन सांगते की भरपूर पाणी प्या, दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या, बरे व्हाल. सलाईन नाही. इंजेक्शन नाही. ‘ताकदीचं काहीतरी’ विचारलं तर तिला कळतच नाही. विमानाने सात हजार किलोमीटर आलेल्या माणसाला पाणी प्यायला सांगून परत पाठवतात, याचा अपमान आजारापेक्षा जास्त लागतो. वाईट म्हणजे बहुतेक वेळा माणूस त्याने बराही होतो.

दाखल करून घेतलं तर खरी परीक्षा. आपल्याकडे आजारपण एकट्याचं नसतं. एक जण डॉक्टरांशी बोलतो, एक मेडिकलमध्ये पळतो, जावई रात्री बाकड्यावर झोपतो, कुणीतरी पेजेचा डबा आणतं आणि भेटायला आलेले सगळे आपापल्या ओळखीच्या मेलेल्या माणसांची उदाहरणं देतात. रुग्ण मध्ये निमित्तमात्र असतो आणि त्यामुळेच धीराने पडून राहतो. तिकडे खोलीत काका, एक बटण आणि शांतता. भेटीची वेळ संपली की काकूंना नम्रपणे बाहेर काढतात. संध्याकाळी जेवण म्हणून गार ब्रेड, चीज आणि गार दही येतं, तेही अंगात ताप असताना. मेतकुटाची पुडी हॉटेलवरच्या बॅगेत, बॅग बसमध्ये, आणि बस सकाळी आठला पुढच्या गावी निघून गेलेली.

बस जाणारच. टूर मॅनेजरला दोष देऊ नये. त्याच्याबरोबर चाळीस माणसं असतात आणि त्यांनीही पैसे भरलेले असतात. ज्यांच्याशी काल अंताक्षरी रंगली, ते खिडकीतून हात हलवतात आणि काकूंच्या हातात चॉकलेटं देतात. इथून पुढे परकी भाषा, तिकिटं, हॉटेल आणि हॉस्पिटलचा अर्ज हे सगळं काकूंकडे. आजवर बँकेत एकट्या न गेलेल्या काकू दुसऱ्या दिवशी विमा कंपनीच्या चोवीस तासांच्या नंबरवर हिंदीत आवाज चढवतात, हमीपत्र हॉस्पिटलला मेल करायला लावतात आणि कॅन्टीनमधून गरम सूपही मिळवतात. काका हे पडल्या पडल्या ऐकतात. या उपचाराची नोंद डिस्चार्जच्या कागदावर होत नाही.

दरम्यान रिपोर्टचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकावेत, म्हणजे दुसरं मत, तिसरं मत आणि अकरावं मतही फुकट मिळतं. उन्हाळ्यात मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो. साताऱ्याचे भाऊजी पहाटे साडेपाचला फिरायला निघताना ‘आता कसं वाटतंय?’ विचारायला फोन करतात तेव्हा तिथे रात्रीचे दोन असतात. मेहुण्यांचं निदान नेहमी एकच असतं: हवापालट.

मुक्काम लांबला आणि व्हिसा संपत आला, तर घाबरू नये. अपरिहार्य किंवा मानवतावादी कारणासाठी शेंगेन व्हिसा विनाशुल्क वाढवून मिळतो, मात्र मुदत संपण्याआधी अर्ज करावा लागतो. हात-पाय मोडला असेल तर विमान कंपनीला प्रवासास योग्य असल्याचा दाखला लागतो. प्लास्टर अगदी ताजं असेल तर आत सूज वाढून पाय आवळू नये म्हणून ते उभं चिरून घ्यावं लागतं. ज्या प्लास्टरचे एवढे पैसे दिले, ते कापायचेही पैसे द्यावे लागतात.

परतल्यावर

क्लेमसाठी मूळ बिलं, पावत्या, डिस्चार्जचा कागद, बोर्डिंग पास आणि पासपोर्टच्या शिक्क्यांच्या प्रती लागतात. बिल जर्मनमध्ये असतं. सदाशिव पेठेत जर्मन शिकवणाऱ्या बाई ते आनंदाने वाचून देतात आणि वाचताना ‘बापरे’ म्हणतात. किरकोळ दुखण्याचं बिल असेल तर कंपनी त्यातून आधी डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः सोसायचा वाटा, वजा करते. अनेक पॉलिसींत तो शंभर डॉलरच्या आसपास असतो. तुमचं बिल त्याहून कमी असल्यास कंपनीचं सुंदर पत्र येतं: क्लेम मंजूर, देय रक्कम शून्य.

मोठा क्लेम नाकारला तर मात्र सोडू नये. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही आणि वकील चालत नाही, स्वतःच बोलावं लागतं. निवृत्त माणसाला याहून चांगला छंद सापडणार नाही. फाइल काखेत मारून वेळेआधी जावं आणि सुरुवातीपासून सगळं सांगावं. तिथे कुणी विचारलंच की दुखणं दहापैकी किती होतं, तर दहा सांगा.