चांगला छाप कुणाला?

कार्डावर ‘धन्यवाद’ लिहायचं की ‘आभार’, हे हातानं ठसा कोरणाऱ्याच्या घरी पटाशी ठरवते. ‘धन्यवाद’मधल्या न्यचं पोट पोखरताना अर्धा न हमखास उडून जातो आणि हाती ‘धयवाद’ राहतो. ‘आभार’ हा गुणी शब्द. काने सरळ, जोडाक्षर नाही. भच्या डोक्यावर तेवढी रेघ तुटते, पण ते चालतं.

अक्षरं अर्थात उलटी कोरायची. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीनं लिहून कागद पालथा घातला आणि चमच्यानं घासला की उलटं ‘आभार’ आपोआप उमटतं. तरी तीन अक्षरांत माझी मान धरते. 1805 साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली होती. सगळे अठरा अध्याय, उलट्या अक्षरांत. अर्जुनाचा विषाद त्या कोरणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त कळला असणार.

गांधीनगरजवळच्या पेथापूरचे कारागीर कापडावर छापायचे ठसे सागवानात कोरतात. घरच्या हौशी माणसानं त्या वाटेला जाऊ नये. त्याला लिनोलियम बरं. हे मुळात जमिनीवर अंथरायचं. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजानं 1860च्या दशकात ते तयार केलं: जवसाचं तेल, राळ, बुचाची पूड, पाठीला तागाचं कापड. आपण ज्या जवसाची चटणी करतो, त्याची त्यानं फरशी केली. थोडा वेळ उन्हात ठेवलं की ते मऊ पडतं आणि पटाशी सुरेख चालते. दुसरा हात पटाशीच्या पुढे न ठेवता मागे ठेवायचा. एवढा नियम पाळला तर कार्डावर लाल रंग येत नाही.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सोसायटीतून रोज कुणाचा ना कुणाचा डबा येत होता, म्हणून मी चित्रही डब्याचंच घेतलं. नंदलाल बोसांनी 1930 साली दांडीयात्रेतले गांधीजी लिनोवर कोरले. काळ्यावर मोजक्या पांढऱ्या रेषा आणि काठी घेऊन निघालेला माणूस. ते चित्र समोर ठेवून मी कामाला बसले. माझ्याही रेषा मोजक्याच होत्या. साम्य तिथं संपतं.

खरा पेच कोरण्यात नाही, वाटण्यात आहे. ठसा एकच असला तरी छाप सारखे येत नाहीत. सुरुवातीचे फिकट येतात, मग शाई बसते आणि काही अगदी देखणे निघतात, मग बारीक रेषांमध्ये शाई तुंबते आणि डब्याचे कप्पे एकमेकांत विरघळतात. कार्डं वाळायला दोरीवर चिमट्यांनी लावली की खाली उभं राहून ठरवायचं, कोणतं कुणाला. आणि इथं माणसाच्या कृतज्ञतेचं पितळ उघडं पडतं. सर्वांत रेखीव कार्ड मी डॉक्टरांसाठी बाजूला काढलं. त्यांचे पैसे तर चुकते झाले होते! दुसरं आईच्या एका मैत्रिणीच्या विहीणबाईंना, ज्या एकदाच येऊन शहाळं देऊन गेल्या. रोज भाकरी-भाजी पाठवणाऱ्या समोरच्या काकूंच्या वाट्याला मात्र कडी फिस्कटलेलं कार्ड. दिवाळीचे गोल लाडू बाहेरच्यांच्या डब्यात जातात आणि फुटलेले घरच्यांना, तसंच हे. आपली माणसं चालवून घेतात, या भरवशावर आपण त्यांना आयुष्यभर फुटके लाडू चारत असतो. बदलावं का कार्ड, असं मनात आलंही. पण देखणी संपली होती, आणि डॉक्टरांचं पाकीट चिकटवून झालं होतं.

काकूंनी चष्मा लावून कार्ड जवळून पाहिलं, मग लांब धरून पाहिलं.

“तू केलंस हे? हातानं?”

“हो काकू. कडी जरा बिघडली.”

“बिघडली कुठं? आमच्या डब्याची कडी अशीच वाकडी आहे. ह्यांच्या हातून एकदा जिन्यात पडला होता. आमचाच डबा काढलायस ना?”

मी मान डोलावली. समोर ठेवून काढला होता म्हणाले.

“म्हणजे तुझ्याकडेच आहे तर,” काकू म्हणाल्या. “मी मेली सगळ्या बिल्डिंगला विचारत फिरतेय.”

आता तो परत करायचा, तर रिकामा कसा करणार? सकाळी रव्याचे लाडू करायला घेतलेत.