काश्मीर राहू द्या, वहिनी

अहो वहिनी, कुरडया उलटायच्या राहू देत, आधी इकडे भिंतीशी या. काल भावजी आमच्या ह्यांना म्हणाले म्हणे, मार्चअखेर काश्मीर, ट्युलिप बघायला. खरं का? नाही, जा की, आम्ही कोण अडवणारे! पण पैसे भरले नसतील तर दोन शब्द ऐका.

कोपऱ्यावरच्या काकू मागे जाऊन आल्या ना? बागेचे फोटो चार आणि छत्र्यांचेच जास्त. टूरवाल्यानं पत्रकात ‘आल्हाददायक वसंत’ छापला होता. आपला पाऊस जुलैत, पण श्रीनगरला तो मार्च-एप्रिलमध्येच जास्त पडतो, हे कोण सांगणार? त्यात झबरवान डोंगराखालची ती बाग वर्षातून जेमतेम महिनाभर उघडी. सगळा देश त्याच दिवसांत तिथे लोटतो. मग विमानाचं तिकीट कुणाचं ऐकतंय? काकूंनी घेतलेले जाड स्वेटर अजून माळ्यावर पडलेत. पुण्यात घालणार कुठे?

रेल्वेनं म्हणाल, तर नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण १२०ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे मार्चअखेरचं बुकिंग जानेवारीतच सुरू झालं, आणि भावजींना आठवण झाली आत्ता. ज्येष्ठांची सवलत २०२०च्या मार्चमध्ये गेली ती गेलीच, तेव्हा सासूबाईंचं तिकीटही पूर्ण. महाबळेश्वर? बरं आहे, स्ट्रॉबेरी मिळेल. पण तुमच्या घरी ती कुणी खात नाही.

मी सांगते ते करा, वेळासला जा. नाना फडणवीसांचं गाव, रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगडच्या खाली समुद्रावर. हो, तेच कासवांचं. ऑलिव्ह रिडले माद्या थंडीत रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. पूर्वी ती माणसंही उकरून न्यायची, कोल्हीही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ साली गावाला धरून राखण सुरू केली. आता अंडी कुंपणाच्या आत पुरतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येक खड्ड्यावरची टोपली उचलून बघतात. आली असली तर पाण्याजवळ सोडतात, आपण दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. तळहातात मावेल एवढं काळपट पिल्लू, चार पावलं टाकतं की लाट येऊन त्याला मागे ढकलते, पुन्हा निघतं. आमच्या ह्यांना एका जागी दहा मिनिटं गप्प उभं राहिलेलं मी तिथेच पाहिलं.

कधीकधी टोपलीखाली वाळूच असते, तेही आधीच सांगते. मग भावजींनी गावकऱ्यांवर डाफरायचं नाही. कासव काही एसटीच्या वेळापत्रकावर चालत नाही.

राहायला गावातलीच घरं. डोई अमुक रुपये, त्यात दोन वेळचं जेवण, चहा, नाश्ता सगळं. ओल्या काजूची उसळ, कुयरीची भाजी, सोलकढी. हापूसची पेटी मात्र मार्चमध्ये घेऊ नका हं, तेव्हा भाव आकाशाला असतो. मेमध्ये दारावर येईल तेव्हा घ्या.

उकडत नाही का? उकडतं की, खोटं कशाला बोलू! पूर्वेचा वारा जोर धरून बसला की समुद्राचा वारा उशिरा लागतो, आणि त्या दिवशी कोकणसुद्धा भट्टी होतं. म्हणून दुपारी ओटीवर आडवं व्हायचं. किनाऱ्यावर जायचं ते सकाळी आणि उन्हं कलल्यावर, आणि कासवांची वेळही नेमकी तीच. रात्री पंख्याखाली छान झोप लागते. हेच मे महिन्यात गेलात तर अंगाला सदरा चिकटलेला, आणि कासवंही संपलेली.

गाडीनं जा. ताम्हिणीत पांगारा आणि काटेसावर फुललेली असते, कुसुंबाला तांबडी पालवी. वसंत बघायला डाल लेकच कशाला हवं? माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला यायचं, जंगलजेटीत गाडीसकट चढायचं, खाडी ओलांडली की वेशवी, पुढे बाणकोट, वेळास. गाडी नको असेल तर एसटीनं मंडणगड गाठा. २०२३पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, आणि सासूबाई पंचाहत्तरीपुढच्या, त्यांना फुकट. एवढं स्वस्त काश्मीरला काय मिळणार, कहवा?

तारखेचं तेवढं बघा. शिमग्याला नको. घरोघर पालख्या फिरतात, मुंबईचे चाकरमानी उतरतात, गाडीत पाय ठेवायला जागा नसते. शाळांना सुट्टी लागली की दर चढतात, खोल्या मिळत नाहीत. तुमची धाकटी कॉलेजात, थोरला नोकरीत, मग परीक्षेच्या दिवसांत जायला तुम्हाला कुणाची आडकाठी? शिमग्याची गर्दी ओसरली की निघा, तेही सोमवारी किंवा मंगळवारी. शनिवार-रविवारी अख्खं पुणे तिथे असतं.

दरवर्षी घरटी सारखी नसतात. तेव्हा आधी गावात फोन लावा, किती घरटी फुटायची राहिलीत ते विचारा, आणि मगच खोलीचे पैसे भरा.